दिवस बुडायच्या आत पैसे परत

सहापैकी शून्य

देवसिंग आडेनं बटण दाबलं. सुताराच्या अंगठ्यानं दाबतात तसं, म्हणजे गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात. मोबाइलच्या काचेवर एक वर्तुळ फिरलं, थांबलं, आणि खाली ओळ आली: पाठवले. सहापैकी शून्य खुणा.

त्यानं मोबाइल रंधा मारलेल्या फळीवर उताणा ठेवला, घड्याळ पाहिलं. साडेपाच. दिवस बुडायला अजून सव्वा तास.

"भुरी, च्या ठेव! लिस्बनवाल्याचे पैसे परत केले."

आतून शिवणयंत्राचा आवाज बंद झाला. "रंजिता तर म्हणे, मी आल्याशिवाय हात लावू नका."

"ते उद्या म्हणून राह्यली होती. उद्या केलं तर मग भिंतीवर कायले लिहून ठेवलं?"

भिंतीवर लिहिलं होतं ते असं, निळ्या ऑइल पेंटनं, देवसिंगच्याच हातानं: *बैल पसंत नाही तर मागितल्या दिवशी, दिवस बुडायच्या आत, पैसे परत.*

बोरी अरबच्या कडेला, तांड्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान. सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून तो चाकांचे लाकडी बैल करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि तान्ह्या पोळ्याला प्रत्येक पोराला बैल लागतोच. बैलांवरच्या झुली त्याच्या बायकोच्या, भुरीबाईच्या: काचा, कवड्या, लाल-पिवळे टाके. अडतीस वर्षांत तीन-चार हजार बैल विकले असतील. परत आले ते बोटांवर मोजण्याइतके, पण प्रत्येकाचे पैसे त्याच दिवशी, उजेड असताना, ज्यानं दिले त्याच्याच हाती गेले. एकदा तर बैल परत करणारा माणूस रागानं पैसे न घेताच निघून गेला, तेव्हा देवसिंगनं सायकलवर दारव्ह्यापर्यंत एसटीचा पाठलाग करून खिडकीतून नोटा आत टाकल्या होत्या. एकदा एका नवरदेवाला अक्षता पडायच्या आधी मांडवात जाऊन पैसे मोजून दिले. नवरीकडच्यांना वाटलं, हुंडा आहे. मोठा गोंधळ झाला.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या आयुष्यात आज पहिल्यांदा असा पैसा परत करायची वेळ आली होती, ज्याला हात लावता येत नाही.

अमर मूळचा राळेगावकडचा, आता पोर्तुगालमध्ये लिस्बनला नोकरीला. तिथल्या चार-सहा वऱ्हाडी घरांनी बागेत तान्हा पोळा भरवायचं ठरवलं, म्हणून त्यानं सहा वर्षांच्या सुरभीसाठी झुलीसकट बैल मागवला. ऑनलाइन दुकान सुनेचं, रंजिताचं. बँकेतून पैसे यायला किती दिवस आणि किती कापून घेणार हे ऐकल्यावर तिनंच म्हटलं, बिटकॉइन चालेल. चौदा हजारांचा बैल. एका नाण्याचे दहा कोटी तुकडे पडतात म्हणे, त्यातले एक लाख चाळीस हजार तुकडे रंजिताच्या मोबाइलमधल्या थैलीत येऊन पडले. दुकानात राहणाऱ्या जुन्या मोबाइलवरही तीच थैली तिनं चालू करून ठेवली होती. देवसिंगला ते तुकडे थुंकी लावून मोजता आले नाहीत, एवढीच काय ती खंत.

बैल मात्र गेला नागपूरपर्यंत आणि आला परत. लाकूड परदेशात पाठवायचं तर त्याला धुरी दिल्याचा शिक्का लागतो. तो घ्यायचा असतो हेच देवसिंगला माहीत नव्हतं. "धुरीच पाहिजे होती तं," भुरीबाई म्हणाली, "आठ दिवस बैल माह्या चुलीपाशी होता. तेवढ्या धुरीत त्याचे पणजोबाही किडले नसते."

पोळा चार दिवसांवर. आज दुपारी अमरचा निरोप आला: काका, आता राहू द्या, पुठ्ठ्याचा बैल करतो, पैसे तेवढे परत पाठवा.

मागितले. आजच मागितले. मग आजच.

सहापैकी एक

मोबाइलनं टुणकन आवाज केला. रंजितानं त्याला समजावून ठेवलं होतं: ही एक-एक खूण म्हणजे जगभरातल्या यंत्रांची साक्ष. 'हो, देवसिंगनं दिले, आम्ही पाहिलं.' साधारण दहा मिनिटांना एक साक्षीदार उठतो. एक आला की पैसा मागे फिरत नाही, सहा आले की शंका घ्यायला कोणी उरत नाही.

"सहा साक्षीदार!" देवसिंग बशीत चहा ओतत म्हणाला. "कोर्टात दोन पुरतात."

एवढ्यात धावजी नायक आला. तांड्याचा नायक, म्हणजे कोणाच्या बांधाचं, कोणाच्या सोयरिकीचं भांडण असलं की ज्याच्या ओट्यावर मिटतं तो माणूस. आणि अडतीस वर्षांपासून देवसिंग कधी चुकतो याची वाट पाहणाराही तोच. पैज जुनी होती. 'चुकशील त्या दिवशी ती ओळ पुसायची,' धावजीनं म्हटलं होतं, आणि देवसिंगनं सांगितलं होतं, 'माह्या हातानं पुसीन. अन् मंग दुकानही तुह्या पोराले देऊन टाकीन, कारण शब्दाशिवाय बैल म्हंजे नुस्तं जळतण.' हे दुसरं वाक्य तो तावात बोलून गेला होता, पण तांड्यात तावात बोललेलंही मोजतात.

"काय बे देवसिंग, ऐकलं का बैल लिस्बनहून परत आला?"

"नागपूरहून. लिस्बनले गेलाच नाही."

"मंग आज पैसे द्यावे लागन."

"दिले."

"दिले?" धावजीचं तोंड उतरलं. "कोणाच्या हाती? ते पोरगं तं समुद्रापार बसलं आहे."

"हे पाह्य." देवसिंगनं मोबाइल पुढे केला. "एक साक्षीदार उठला. पाच बाकी."

धावजीनं चष्मा काढला, पुसला, घातला. "अन् पत्ता? पत्ता कोणी सांगतला?"

"कोणाले विचारू कायले? ज्या घरून आले त्या घरी पाठवले."

आता हे तांड्यातल्या कोणालाही पटेल. शेजारच्या घरून वाटीभर काही आलं, तर ती वाटी घासून, तळाशी चिमूटभर साखर टाकून, त्याच घरी, त्याच दारातून परत जाते. 'वाटी कुठं नेऊन देऊ?' असं विचारणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. विचारलं तर तो अपमान. तुमचं घर मला माहीत नाही म्हणण्यासारखं. म्हणून देवसिंगनं अमरला विचारलं नाही. थैलीत जुनी नोंद उघडली, 'कुठून आले' यापुढची बेचाळीस अक्षरं बोट दाबून उचलली, पाठवायच्या चौकटीत टाकली. पहिली चार अन् शेवटची चार जुळवून पाहिली, जसं रंजितानं शिकवलं होतं. आणि वाटी रिकामी जायला नको म्हणून एक लाख चाळीस हजारांवर शंभर तुकडे जास्तीचे टाकले. दहा-अकरा रुपयांची साखर.

"बरोबर आहे," धावजी नाइलाजानं म्हणाला. "तसंच पाठवाले पाहिजे."

सहापैकी दोन

रंजिता मुकुटबनला बहिणीकडे गेली होती. आता यवतमाळहून सुटलेल्या एसटीत होती, आणि रेंज येईल तेवढीच सून घरी पोचत होती.

"बापू! मोबाइलवर दिसून राह्यलं... पैसे गेले? तुम्ही..."

"मीच पाठवले. तू कायजी करू नको. दोन झाले."

"कोणत्या पत्त्यावर?"

"जिथून आले..."

"हॅलो? बापू? पत्ता अमरभाऊले विचारला का?"

"विचारू कायले? घर मले..."

"अरे देवा."

फोन कटला. 'अरे देवा' तेवढं एकदम स्वच्छ ऐकू आलं होतं, अगदी शेजारी बसून म्हटल्यासारखं.

धावजीनं बशी खाली ठेवली. "काय म्हणते सून?"

"रेंज नाही," देवसिंग म्हणाला.

सहापैकी तीन

फोन पुन्हा आला. या वेळी रंजितानं एका दमात सगळं सांगायचं ठरवलं असावं, कारण मागून कंडक्टर 'बाई, हळू बोला' म्हणताना ऐकू आला.

"बापू, ऐका. मंधात बोलू नका. अमरभाऊनं पैसे त्याच्या घरून नाही पाठवले. तिकडं एक मोठी पेढी असते, तिथं हजारो लोकाचं नाणं एका कोठारात राह्यते. यानं पेढीले सांगतलं, तिनं कोठारातून काढून आपल्याले दिलं. तो पत्ता कोठाराचा होता. अमरभाऊचा नाही."

"मंग कोठारात गेले ना परत? तिथून त्याले देतील."

"कोठाराले काय माहीत कोणाचे? बापू, असं समजा. तुमचा शाम यवतमाळले शिकाले होता तवा त्याची याडी इथून त्याचा डबा एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायची."

"हो."

"आता समजा त्या पोरानं डबा घासला, अन् ड्रायव्हरच्या घरी नेऊन दिला. ड्रायव्हरच्या घरी दीडशे डबे पडून आहे. सारे स्टीलचे."

देवसिंगनं चहाची बशी दूर सारली.

"तसं झालं," रंजिता म्हणाली. "अन् आता परत फिरवता येत नाही. पह्यली खूण पडली तवाच... हॅलो? हॅ..."

भुरीबाई दारात उभी होती, हातात सुई, सुईत पिवळा दोरा. तिनं सगळं ऐकलं होतं. "साखर टाकली होती का तरी?" तिनं विचारलं.

"टाकली होती."

"मंग ड्रायव्हरची बायको खुश होईन."

सहापैकी चार

टुण.

दहा मिनिटांपूर्वी हाच आवाज गोड लागत होता.

सहापैकी पाच

आभाळात ढग होते, त्यामुळे दिवस नेमका कुठे आहे यावर वाद घालायला जागा होती. धावजीनं ती घेतली.

"बुडाला."

"बुडाला नाही. त्या चिंचेच्या मागं लाल दिसून राह्यलं."

"ते ढगाचं लाल आहे. दिवस गेला."

"पंचांगात सहा चाळीस आहे."

"पंचांग छापणारा कुठं बसून छापते? पुण्यात! आपल्या इथं आधी बुडते."

देवसिंगनं तोवर अमरला दोनदा फोन लावला होता. उचलला नाही. तिकडे कामाची वेळ असणार. पैशाचं त्याला एवढं वाटत नव्हतं. पोळ्याचा हंगाम होता, डब्यात रोकड होती, चौदा हजारांनी घर बुडत नाही. पण ती रोकड अमरच्या हाती आत्ता, चिंचेमागचं लाल विझायच्या आत कशी ठेवायची? सायकलवर दारव्ह्यापर्यंत जाता येतं. लिस्बनच्या रस्त्याला एसटी नाही.

सहापैकी सहा

शेवटचा साक्षीदार उठला आणि दिवस बसला. दोन्ही एकाच मिनिटाला.

मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण आली, खाली दोन शब्द: *व्यवहार पूर्ण.* जगातल्या सगळ्या यंत्रांनी एकमतानं ग्वाही दिली की देवसिंग आडे यानं चौदा हजारांचं नाणं चुकीच्या माणसाला, बिनचूक पोचवलं आहे.

धावजी उठून गेला. देवसिंगला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल. पाच मिनिटांनी तो परत आला, हातात चुन्याची बादली आणि कुंचा.

"घरात होताच भिजवलेला," तो म्हणाला. "पोळ्यासाठी."

"तुह्या जिभेले हाड आहे का नाही, नायक?" भुरीबाई कडाडली. "लाज नाही वाटत?"

"भाभी, मी बोललो का काही? शब्द त्याचा आहे. मी नुस्ता चुना आणला."

देवसिंगनं कुंचा हातात घेतला. पहिलं अक्षर 'बै'. ते त्यानं अडतीस वर्षांपूर्वी जरा मोठं काढलं होतं, म्हणून शेवटचं 'परत' कडेला चेंगरलं होतं. दर पोळ्याला तो म्हणायचा, पुन्हा रंगवीन. आता रंगवायचं कामच उरलं नव्हतं.

कुंच्याचं टोक चुन्यात बुडालं, आणि मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. अमर.

पुन्हा शून्य

"काका! रंजिता वहिनीचा मेसेज पाह्यला. मीटिंगमध्ये होतो जी. तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी पेढीवाल्याले लिहितो, व्यवहाराचा नंबर आहे, सापडले तं सापडले. नाही तं राहू द्या. तुमच्या हातून झालं, मुद्दाम थोडीच केलं?"

"राहू कसं देऊ, बेटा? तुले भेटले नाही म्हंजे मी दिलेच नाही. अन् दिवस तं..."

देवसिंग बोलता बोलता थांबला.

अमर खिडकीपाशी उभा होता. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर ऊन होतं. साधंसुधं नाही, चांगलं कडक, डोळे बारीक करायला लावणारं. मागे लाल कौलांची उतरती छपरं, आणि छपरांवर ऊन नुसतं सांडलेलं.

"हे काय आहे?" देवसिंगनं विचारलं.

"काय, काका?"

"तुह्या तोंडावर. हा उजेड कायचा?"

"ऊन आहे."

"आत्ता?"

"आत्ता इथं अडीच वाजले दुपारचे. तुमच्याकडं एवढा अंधार काहून? लाइट गेली का?"

देवसिंगनं कुंचा बादलीत टाकला. चुना धावजीच्या धोतरावर उडाला.

"तुह्या इथं दिवस कवा बुडते?"

"उन्हाळा आहे न. आठ, सव्वा आठ."

"म्हंजे पाचक तास आहे."

"पाच, साडेपाच. काहून?"

"तू मोबाइल जवळ ठेव. मी पैसे पाठवून राह्यलो." मग, आयुष्यात पहिल्यांदा, मान थोडी खाली घालून, गिऱ्हाइकाला तो प्रश्न त्यानं विचारला. "बेटा, तुह्या घरचा पत्ता सांग. कुठं पाठवू?"

त्याला वाटलं होतं, पलीकडचा दुखावेल. अमर हसून म्हणाला, "हेच तं पह्यले विचाराचं असते, काका."

जमनी

नाणं कुठून आणायचं हा प्रश्न होताच. रंजिताच्या थैलीत अजून एक लाख साठ हजार तुकडे होते, पण ते जमनीचे. जमनी दोन घरं सोडून राहणारी, तिच्या भरतकामाच्या पिशव्या रंजितानं गेल्या महिन्यात अशाच परदेशी गिऱ्हाइकाला विकल्या होत्या. ते नाणं जमनीनं कधी पाहिलं नव्हतं, तरी रोज कोणालातरी 'माह्यं नाणं' म्हणून सांगत होती.

देवसिंग रोकड घेऊन तिच्या ओट्यावर पोचला, मागे धावजी, धोतर झटकत.

"जमनी, तुह्या नाण्यातले एक लाख चाळीस हजार मले दे. हे घे चौदा हजार."

जमनी भाकर थापत होती. हात थांबला नाही. "आजचा भाव काय?"

"अं?"

"रंजिता मले रोज सांगते. काल वाढला होता. आज?"

मोबाइलवर पाहिलं. वाढलाच होता. तेवढ्याच तुकड्यांचे आता चौदा हजार आठशे होत होते.

"मंग आठशे ठेवा वरचे," जमनी म्हणाली. "अन् तुमाले गरज आहे, मले नाही. पंधरा करा."

"गरजवंताले लुटते का?" धावजी म्हणाला.

"नायक, तुमच्या धोतरावर चुना कसा?"

धावजी पुन्हा धोतर झटकू लागला. पंधरा हजार ठरले. जमनीनं पिठाचे हात पुसले, नोटा मोजल्या, कमरेला खोचल्या, आणि म्हणाली, "नाण्याले माह्याकडून सांगा, जपून जाय."

किती? याच्यावरून थोडं भांडण

रंजिता पोचली तेव्हा सव्वासात झाले होते. पिशवी खांद्यावरच ठेवून तिनं मोबाइल हातात घेतला. देवसिंगला वाटलं, बोलेल. तिनं सासऱ्याकडे एकदा पाहिलं, चुन्याच्या बादलीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अमरभाऊले लावा. आधी किती ते ठरवू. मागच्या वेळी हेच ठरवलं नव्हतं."

"एक लाख चाळीस हजार," देवसिंग म्हणाला. "तेवढेच घेतलते."

फोनवरून अमर म्हणाला, "नाही काका. पावतीवर चौदा हजार रुपये होते. भाव वाढला आहे, म्हंजे आता तुकडे कमी लागतील. रुपयाप्रमाणं द्या."

"पायलीभर तूर घेतली तं पायलीभरच परत करतात. भाव वाढला म्हणून कोणी पाऊण पायली आणून देते का?"

"अन् भाव पडला असता तं? मी काय पायलीच घेऊन बसलो असतो का?"

"बसाच लागलं असतं."

"अहो, पण तुमचं नुकसान..."

"तू माह्या नुकसानीचा ठेका घेतला का?"

भुरीबाई आतून ओरडली, "दोघंही एकमेकाचे पैसे वाचवून राह्यले. असे मूर्ख मी जन्मात पाह्यले नाही. पायली द्या अन् जेवाले बसा!"

पायली ठरली. रंजितानं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, पुढच्या गिऱ्हाइकाला आधीच सांगता यावं म्हणून: नाणं दिलं तर नाणं परत, मोजून तेवढंच. आणि त्याखाली, सासऱ्याच्या तोंडाकडे न पाहता: पत्ता विचारायचा. लाजायचं नाही.

आधी चिमूट

सगळं एकदम पाठवायचं नाही, रंजिता म्हणाली. आधी हजार तुकडे. शंभर रुपयांचा मामला. पोचले तर बाकीचे.

अमरनं नवा पत्ता पाठवला होता, त्याच्या स्वतःच्या थैलीचा, कोठाराचा नाही. देवसिंगनं तरी तो वाचून घेतलाच.

"बी, सी, वन, क्यू... शेवटचे चार सांग."

"सात, के, एम, दोन."

"सात. के. एम. दोन. बरोबर. तुह्या बापाचं नाव काय?"

"काका, बापाचं नाव पत्त्यात नाही राहत."

"मले माहीत आहे. पण मी घरी पाठवून राह्यलो तं घर कोणाचं ते माहीत पाहिजे."

"वामनराव."

"हां. वामनरावच्या घरी." आणि मग त्यानं अंगठा दाबला, या वेळी हळू, झुलीवर काच बसवताना भुरीबाई दाबते तसा.

बारा मिनिटं गेली. धावजी बादली शेजारी घेऊन बसून होता. ती उचलून नेण्याइतकी त्याची खात्री पटली नव्हती.

"आले, काका! हजार दिसून राह्यले."

मग बाकीचे. पुन्हा अंगठा. पुन्हा शून्य. पण आता पलीकडे माणूस होता, खिडकीत बसून वाट पाहणारा. मधेच सुरभी आली, कागदी शिंगं लावून, पुठ्ठ्याच्या बैलाला दोरीनं ओढत. बैलाचं एक चाक वाकडं होतं. देवसिंगच्या जिवाला ते फार लागलं.

"ते चाक कोणी लावलं?"

"मी," अमर म्हणाला.

"हात पुढच्या जन्मी सुधारतील. पोरी, तुह्या बैलाले मंधात एक बारीक काडी घाल, आसासारखी. बापाच्या भरवशावर राहू नको."

दुसऱ्या खेपेची पहिली खूण

"आले," अमर म्हणाला. "एक लाख चाळीस हजार. पुरे."

देवसिंग उभा राहिला. "मोबाइल खिडकीबाहेर धर. धावजीले दाखव."

अमरनं धरला. छोट्याशा काचेवर आभाळ पांढरं पडलं, मग सावरलं. छपरं, एक नदी, नदीवर चमचम, आणि वर दिवस, डोळ्याला धरवत नाही असा.

धावजीनं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "हा आपला दिवस नाही," तो म्हणाला.

"आपला कायले पाहिजे? पैसा गिऱ्हाइकाचा. हात गिऱ्हाइकाचा. त्याच्या हाती पैसा पडला तवा त्याच्या डोक्यावर ऊन होतं का नाही?"

"होतं."

"मंग?"

तांड्यात धावजीला नायक उगाच केला नव्हता. हरलेलं भांडण तो न्यायाला बसल्यासारखाच मिटवायचा, मग ते स्वतःचं का असेना. त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, थोडा वेळ डोळे मिटले, भुरीबाईकडे पाहिलं, रंजिताकडे पाहिलं.

"दिवस गिऱ्हाइकाचा धराचा," तो म्हणाला. "देवसिंग चुकला, पण बुडाला नाही. ओळ राहू द्या." आणि बादली उचलता उचलता वळला. "पण एक सांगतो. हा न्याय दोन्ही बाजूनं चालन. तुह्या फायद्याचा दिवस धरला, तं तोट्याचाही धराचा. पूर्वेकडं, जपानपिपानकडं विकू नको. तिकडं दिवस आपल्या आधी उगवते, म्हंजे बुडतेही आधी. दुपारी तीन वाजताच तुह्यी धावपळ होईन."

"जपानले कोण विकते?" देवसिंग हसला. बऱ्याच वेळानं हसला, मोकळं. "आपल्याले जपानचं काय घेणं?"

रंजिता चपला काढता काढता थांबली.

"बापू," ती म्हणाली, "परवा दोन झुली गेल्या न... त्या ओसाकाले गेल्या."